ट्रॅक आवळण्याआधी रणगाडा तोलून पाहा

या वेळी रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्यांच्या मॉडेलविषयी तीन पत्रे आली आहेत. पहिल्या पत्रातील दोष नमुनेदार आहे आणि तो अनेकांच्या मॉडेलमध्ये दिसतो, म्हणून अंकाची बरीचशी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : एका कारखान्यात सत्तावीस वर्षे फिटर म्हणून काम केल्यावर मी निवृत्त झालो आणि तीन वर्षे खपून जर्मन टायगर-१ रणगाड्याचे एक षष्ठांश प्रमाणातील धातूचे मॉडेल घरीच तयार केले. बॅटऱ्यांसह वजन ९६ किलो भरते. मूळ रणगाड्याप्रमाणेच प्रत्येक बाजूला आठ आर्म (चाक धरणारे दांडे) असून एकूण सोळा टॉर्शन बार (पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळया) आहेत. बार ५ मिमी ब्राइट बारचे आहेत, त्यांची पिळली जाणारी लांबी ३०० मिमी आणि आर्मची लांबी ५० मिमी आहे. पहिले दोन महिने सगळे उत्तम चालले. आता पुढचा भाग दीड सेंटिमीटर खाली बसला आहे, ब्रेक लावला की रणगाडा नमस्कार घातल्यासारखा पुढे वाकतो आणि वळताना ट्रॅक स्प्रॉकेटवरून (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकावरून) उतरतो. दर वेळी आयडलर (ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाचे, ताण देणारे चाक) मागे ओढून ट्रॅक आवळतो, पण आठवड्याभरात पुन्हा तीच गत. जाड बार टाकावेत म्हणून ६ मिमीचे आणून ठेवले आहेत. टाकू का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : ते ६ मिमीचे बार सध्या कपाटातच राहू द्या. आपण तीन तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत, आणि ज्या कडीवर आपण दर आठवड्याला पाना चालवत आहात ती साखळीतील सर्वांत शेवटची आहे.

आधी बारचा विचार करू. टॉर्शन बारचा कडकपणा त्याच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्यामुळे ५ मिमीऐवजी ६ मिमीचा बार टाकला, तर कडकपणा वीस टक्क्यांनी न वाढता दुपटीहून थोडा अधिकच होतो. आपल्या मॉडेलचे ९६ किलो सोळा आर्मवर सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ६ किलो येतात. सोयीसाठी आर्म आडवा धरला, तर एवढ्या वजनाने ५ मिमीचा बार साधारण साडेदहा अंश पिळला जातो आणि चाक सुमारे ९ मिमी वर येते. ६ मिमीच्या बारमध्ये हाच पीळ जेमतेम पाच अंशांचा असेल आणि चाकाची हालचाल साडेचार मिमीच्याही आत राहील. असा रणगाडा सपाट फरशीवर ताठ उभा दिसेल, पण बागेतल्या मातीत गेल्यावर तो डुगडुगणाऱ्या स्टुलासारखा तीन-चार चाकांवरच तोलला जाईल आणि उरलेली चाके अधांतरी फिरत राहतील. रणगाडा स्थिर उभा असताना चाकांच्या एकूण हालचालीपैकी सुमारे एक तृतीयांश हालचाल वजनाने खर्च झालेली असावी, म्हणजे उंचवट्यावर चाकाला वर जायला आणि खड्ड्यात खाली उतरायला, दोन्हीकडे वाव राहतो. आपली ५ मिमीची निवड या हिशेबात नेमकी बसते. जाडी ठरवताना आपण चुकलेला नाहीत.

चूक धातूच्या निवडीत झाली आहे. ब्राइट बार दिसायला सुबक आणि मापाला अचूक असतो, पण तो साधे मऊ पोलाद असतो. रणगाडा नुसता उभा असताना आपल्या बारमधील कातर-ताण सुमारे १२० मेगापास्कल भरतो, आणि चाक पूर्ण दाबले गेले की तो साडेतीनशेच्या पुढे जातो. मऊ पोलादाला हा दुसरा आकडा पेलवत नाही. मोठा धक्का बसला की बार थोडासा पीळ कायमचा धरतो, पुढच्या धक्क्याला आणखी थोडा, आणि दोन महिन्यांत नाक दीड सेंटिमीटर खाली येते. येथे अनेकांची फसगत होते, कारण मऊ पोलाद आणि स्प्रिंग स्टील यांचा पिळाला होणारा विरोध जवळजवळ सारखाच असतो. पहिल्या दिवशी दोन्ही बार एकसारखे वागतात. फरक पडतो तो पीळ सुटल्यावर कोण मूळ जागी परत येतो एवढ्याच बाबतीत. म्हणून त्याच ५ मिमी जाडीचे, पण योग्य उष्णतोपचार केलेल्या स्प्रिंग स्टीलचे बार करून घ्यावेत. टोकाला षटकोन काढताना त्याच्या मुळाशी धारदार कोपरा ठेवू नये, गोलाई द्यावी, नाहीतर बार तेथेच तुटतो.

आता पुढचीच बाजू का बसली, याकडे येऊ. खऱ्या टायगरमध्ये गिअरबॉक्स आणि स्प्रॉकेट पुढे होते, तर मायबाखचे बारा सिलिंडरचे अवजड इंजिन मागे होते, त्यामुळे दोन्हीकडचा भार तोलला जाई. आपल्या मॉडेलमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स पुढे आहेत, पण मागे इंजिन नाही. इंजिनाची खोली रिकामी ठेवायची आणि बॅटऱ्या मात्र मनोऱ्याखाली, हात सहज पोचेल अशा जागी ठेवायच्या, ही सवय बहुतेकांना असते. आपल्या फोटोतही तसेच दिसते.

वजनाचा मध्य कोठे आहे हे काढायला माणसे तोलण्याचे दोन साधे काटे पुरतात. ट्रॅक काढून टाका, पहिल्या आणि शेवटच्या आर्मच्या धुऱ्यांच्या रेषेत हलखाली (रणगाड्याच्या मुख्य सांगाड्याखाली) एकेक लाकडी पट्टी आडवी ठेवा आणि दोन्ही पट्ट्या एकेका काट्यावर टेकवा. समजा दोन पट्ट्यांत ६०० मिमी अंतर आहे, पुढचा काटा ५२ किलो दाखवतो आणि मागचा ४४. याचा अर्थ वजनाचा मध्य भौमितिक मध्याच्या २५ मिमी पुढे आहे. हे अंतर किरकोळ वाटते, पण त्यामुळे सर्वांत पुढच्या आर्मवर सरासरीपेक्षा सुमारे एकोणीस टक्के जास्त भार येतो आणि सर्वांत मागच्यावर तेवढाच कमी, म्हणजे सहा किलोंच्या जागी एकीकडे सात किलोंहून अधिक आणि दुसरीकडे पाचांहून कमी. साडेपाच किलोंच्या दोन बॅटऱ्या २०० मिमी मागे सरकवल्या, तर मध्य २३ मिमी मागे जातो. एवढ्या एका कामाने, बारची जाडी न बदलता, नवे बार लावल्यावर नाक जवळजवळ सपाटीला येते. मी स्वतः माझ्या पहिल्या मॉडेलवर पुढचे बार जाड करण्यात एक अख्खा पावसाळा घालवला होता आणि नंतर बॅटरी मागे नेल्यावर तेच जाड बार उलट नाक वर उचलू लागले.

वजन जागेवर आले की उंची लावायची. फोटोवरून दिसते की आपल्या बारचे दूरचे टोक हलच्या पट्टीतील षटकोनी भोकात थेट बसते. अशा रचनेत बार काढून फिरवून लावला, तर एका वेळी साठ अंशांचा फरक पडतो, जो काहीच कामाचा नाही. त्याऐवजी दूरच्या टोकावर २५ मिमी लांबीचा एक छोटा लिव्हर बसवावा आणि तो एम-५ बोल्टच्या टोकावर टेकवून लॉकनटने पक्का करावा. या बोल्टच्या आट्यांतील अंतर ०.८ मिमी असते, त्यामुळे बोल्ट एक फेरा फिरवला की बार पावणेदोन अंशांहून थोडा अधिक फिरतो आणि चाकाची जागा सुमारे १.६ मिमी बदलते. पाव फेऱ्यात अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जुळवणी करता येते. बोल्ट सैल करताना मात्र रणगाडा ठोकळ्यांवर उचललेला आणि चाक मोकळे लोंबणारे असले पाहिजे. मी एकदा घाईत भार असतानाच नट सोडला, लिव्हर उसळला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची सालटे निघाली. बोटे मोडली नाहीत हे नशीब.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण या छंदातील जुनी माणसेही तिच्यात गोंधळ घालतात. बोल्ट आवळून बारला आधीच पीळ दिल्याने सस्पेन्शन कडक होत नाही, फक्त उंच होते. कडकपणा जाडी, लांबी आणि आर्मचे माप यांनीच ठरतो. म्हणून ब्रेक लावताना नाक वाकते या तक्रारीवर बोल्ट आवळणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास रणगाडा आधी उंच उभा राहतो आणि मग पूर्वीइतकाच वाकतो.

जुळवणीसाठी खरोखर सपाट जागा हवी. घरात ती सहसा अंगणात सापडत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आणलेली आणि शिल्लक राहिलेली कडप्प्याची फरशी पाणसळीने सपाट करून घेतली की काम भागते. टायगरचे तळ आणि जमीन यांतील अंतर सुमारे ४७ सेंटिमीटर होते, म्हणजे आपल्या मॉडेलमध्ये ७८ मिमी. ट्रॅक न घालता रणगाडा फरशीवर ठेवावा, हलच्या चारही कोपऱ्यांवर हाताने पाच-सहा वेळा दाबून सोडावे म्हणजे बुशमधील घर्षणाने अडलेले आर्म मोकळे होतात, आणि मगच कोपऱ्यांची उंची मोजावी. समोरासमोरच्या चाकांची तुलना करून उंची लावू नये, कारण टायगरमध्ये एका बाजूचे आर्म पुढे झुकलेले असतात आणि दुसऱ्या बाजूचे मागे. माप नेहमी हलच्या तळापासून घ्यावे. आर्मच्या या उलटसुलट रचनेचा एक फायदाही आहे: दोन्ही बाजूंचे बार आपापल्या आर्मच्या बाजूने पाहिले असता एकाच दिशेने पिळले जातात, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतात. टी-५५ सारख्या रणगाड्यात दोन्ही बाजूंचे आर्म मागे झुकलेले असतात. तेथे डाव्या बाजूचा वापरलेला बार उजवीकडे घातला, तर तो उलट पिळला जाऊन नव्याने बसतो, आणि म्हणून त्यांवर खुणा करून ठेवाव्या लागतात.

प्रत्येक चाकावर किती भार आहे हे पाहायला प्रवासाच्या बॅगा तोलण्याचा हुकाचा काटा उत्तम. चाकाखाली कागदाची लांब पट्टी घालावी, काट्याचा हुक आर्मच्या धुऱ्यात अडकवून सावकाश वर ओढावे आणि पट्टी सुटून निघाली त्या क्षणीचा आकडा वाचावा. सोळा आर्मवर हा आकडा सहा किलोंच्या आसपास आला, की आपली पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही. टायगरची चाके एकात एक गुंफलेली असल्याने आतल्या धुऱ्यापर्यंत पोचायला बाहेरची चाके काढावी लागतात, म्हणून हे सगळे बाहेरची चाके बसवण्यापूर्वी करावे. मूळ रणगाड्याच्या दुरुस्ती पथकांनाही आतले एक चाक बदलण्यासाठी बाहेरची अनेक चाके उतरवावी लागत आणि रशियातील हिवाळ्यात त्यांच्यामधील चिखल गोठून चाके जाम होत. त्या मानाने आपले दुःख थोडे आहे.

नाक वाकण्यावरचा उपाय टोकाच्या आर्ममध्ये आहे. सारख्या अंतरावर आठ आर्म असतील, तर रणगाड्याच्या पुढे-मागे झुकण्याला होणाऱ्या एकूण विरोधापैकी सुमारे ५८ टक्के विरोध एकट्या पहिल्या आणि शेवटच्या आर्मकडून येतो, कारण येथे मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग मोजला जातो. मधले चार आर्म कितीही कडक केले तरी विशेष फरक पडत नाही. खऱ्या टायगरमध्ये पहिल्या आणि शेवटच्या आर्मलाच शॉक ॲब्सॉर्बर होते, ते याच कारणाने. रिमोटच्या मोठ्या मोटारींसाठी मिळणारे, सिलिकॉन तेल भरलेले छोटे शॉक ॲब्सॉर्बर या चार जागी हलच्या आत बसतात. तेल पातळ घेऊन सुरुवात करावी. नाक एकदा वाकून सरळ परत आले आणि पुन्हा डोलले नाही, की तेल योग्य आहे असे समजावे. त्याआधी स्पीड कंट्रोलरमधील ब्रेकची सेटिंग जरूर पाहा. पुष्कळ कंट्रोलर कारखान्यातून निघताना कडक ब्रेकवर लावलेले असतात आणि ९६ किलोंचे धूड एका क्षणात थांबवायला लावले, तर कोणतेही सस्पेन्शन नमस्कार घालणारच.

आता आपल्या मूळ तक्रारीकडे, म्हणजे ट्रॅककडे. टायगरचे स्प्रॉकेट पुढे असते. पुढे जाताना ते ट्रॅकचा वरचा आणि मागचा भाग स्वतःकडे ओढते, आणि जो काही ढिलेपणा असेल तो स्प्रॉकेट आणि पहिले चाक यांच्यामध्ये गोळा होतो. नाक बसले की पहिले चाक हलकडे वर सरकते, ट्रॅकला घ्यावा लागणारा वळसा लहान होतो आणि नेमका याच जागी ट्रॅक सैल पडतो. वळताना बाजूने जोर आला की स्प्रॉकेटचे दात सुटतात. आपण आयडलर मागे ओढून हा ढिलेपणा काढता, पण ताठ ट्रॅक पहिल्या आणि शेवटच्या चाकाला आणखी वर ओढतो, मऊ बारवर आणखी ताण येतो, तो आणखी पीळ धरतो, आणि पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा पाना घेऊन बसता.

सस्पेन्शन लागल्यावर ट्रॅक घालून तळाची उंची पुन्हा मोजा. ट्रॅकमुळे पुढचे किंवा मागचे टोक दोन मिमीपेक्षा जास्त खाली आले, तर ट्रॅक गरजेपेक्षा ताठ आहे. टायगरला वरून ट्रॅक पेलणारे वेगळे रोलर नाहीत, तो मोठ्या चाकांच्या पाठीवरच टेकतो, म्हणून वरच्या बाजूला थोडी झोळ दिसलीच पाहिजे. वळताना अजूनही जड जात असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या आर्मचा बोल्ट एकेक फेरा सैल करून ती चाके दीड मिमी हलकी करा. तळ किंचित होडीसारखा झाला की ट्रॅकची टोके जमिनीवर कमी घासतात. आणि बॅटरीची वायर काढल्याशिवाय ट्रॅक आणि चाक यांच्यामध्ये बोट घालू नका. आपण फिटर आहात, हे सांगायला नको, पण येथे वाचणाऱ्यांत शाळकरी मुलेही आहेत.

प्रश्न : माझ्याकडे एक षोडशांश प्रमाणातील प्लॅस्टिकचा टायगर आहे. त्याला धातूचे ट्रॅक घातले, वजन बरेच वाढले. आता कडक स्प्रिंगा घ्याव्यात का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नुसत्या ट्रॅकसाठी नाही. ट्रॅकचा खालचा भाग जमिनीवर पडलेला असतो आणि वरचा चाकांच्या पाठीवर टेकलेला, म्हणजे त्याच्या वजनापैकी फारच थोडे स्प्रिंगांवर येते. धातूचा हल, धातूचे गिअरबॉक्स किंवा मोठी बॅटरी घातल्यास गोष्ट वेगळी. तेव्हा वरच्या परिच्छेदांतील एक तृतीयांशाचा हिशेब लावून पाहावा. धातूच्या ट्रॅकचा खरा त्रास आयडलरला होतो, कारण प्लॅस्टिकचा आधार त्या ओढीने तडकतो, म्हणून आधी तो धातूचा करून घ्यावा. प्रमाणाप्रमाणे वजन हवे म्हणून हल शिशाने भरण्याचा मोह काहींना होतो. खऱ्या टायगरचे सुमारे ५७ टन या प्रमाणात १४ किलोंच्या घरात जातात आणि प्लॅस्टिकचे आर्म तेवढ्या भाराचे नसतात.

प्रश्न : अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन पाहिला. त्याची चाके जोडीजोडीने बसवलेली दिसली आणि स्प्रिंगा बाहेरच आहेत. मी त्याचे मोठे मॉडेल करत आहे. टॉर्शन बारसारखीच जुळवणी करायची का? (एक विद्यार्थी, संगमनेर)

उत्तर : आपण नीट पाहिलेत. पूर्वीच्या अहमदनगरात १९९४ साली सुरू झालेले हे संग्रहालय मॉडेल करणाऱ्यांसाठी खाणच आहे, कारण चाकांची रचना चारही बाजूंनी वाकून पाहता येते. सेंच्युरियनचे सस्पेन्शन हॉर्स्टमन पद्धतीचे आहे. सिडनी हॉर्स्टमन या इंग्रज अभियंत्याच्या नावावरून ते ओळखले जाते. प्रत्येक बाजूला तीन बोगी, प्रत्येक बोगीत चाकांच्या दोन जागा, आणि त्या दोघांच्या आर्मच्या मध्ये आडव्या बसवलेल्या स्प्रिंगा अशी ही मांडणी आहे. एक चाक वर गेले की स्प्रिंगमार्फत तो जोर दुसऱ्या चाकाकडे जातो, म्हणून बोगीतील दोन चाकांचा भार आपोआप बराचसा सारखा वाटला जातो आणि चाकागणिक बोल्ट फिरवत बसावे लागत नाही. सगळी बोगी हलच्या बाहेरून बोल्टने लागते, त्यामुळे आतला तळ मोकळा राहतो आणि बॅटऱ्यांना जागा मिळते.

आपल्याला लक्ष द्यायचे आहे ते तीन बोगींमधील भाराच्या वाटणीकडे. येथे स्प्रॉकेट मागे असते, गिअरबॉक्सही मागेच येतो, म्हणून टायगरच्या उलट मागची बोगी दबलेली सापडण्याचा संभव जास्त. बॅटऱ्या पुढे न्याव्यात आणि तरीही फरक उरला, तर मागच्या बोगीच्या स्प्रिंगखाली पातळ वॉशर घालावेत. दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीचे वॉशर मोजून घालावेत, कारण एका बाजूचा अर्ध्या मिलिमीटरचा फरकही रणगाडा सरळ न चालता एका बाजूला ओढू लागण्यास पुरतो. बोगी हलला लावण्याआधी टेबलावर धरून दोन्ही आर्म हाताने दाबून पाहावेत. एक आर्म दाबल्यावर दुसरा लगेच हलला पाहिजे. तो अडखळत असेल, तर स्प्रिंग बदलण्याच्या भानगडीत न पडता पिव्हटचे भोक रीमरने साफ करून थोडे ग्रीस लावावे.